आठ दाते, एकोणचाळीस दाते

जुन्या गाडीबद्दल बोलताना लोक मॉडेलचं साल विचारतात, मायलेज विचारतात, रंग मूळचा आहे का ते विचारतात. एक आकडा मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो गाडीच्या पोटाखाली, मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या भोपळ्यासारख्या लोखंडी डब्यात, काळ्या दाट तेलात बुडालेला असतो. मागच्या अॅक्सलचा रेशो! नाव ऐकून जांभई आली असेल तर साहजिक आहे. पण या आकड्यानं आमच्या घरातलं पन्नासएक वर्षं जुनं भांडण बऱ्यापैकी मिटवलं, म्हणून त्याच्यावर एक लेख खर्ची घालतोय. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण शेवटी तुमच्याकडे एक काम आहे.

आधी हा आकडा म्हणजे काय ते सांगतो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालतील.

बैलगाडीचा आस फिरत नाही. तो जागच्या जागी असतो आणि दोन्ही चाकं त्याच्यावर सुटी फिरतात. त्यामुळे वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरलं आणि आतलं कमी, तरी कुणाचं काही बिघडत नाही. बैल गाडी ओढतात, चाकं नुसती मागून येतात. मोटारीत मात्र जोर चाकांनाच द्यायचा असतो, आणि तोही दोन्ही चाकांना, आणि तरी त्यांना वेगवेगळं फिरू द्यायचं असतं. या पेचावर ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच माणसानं १८२८ साली पेटंट घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. पेट्रोलची मोटार यायला तेव्हा अजून अर्धशतकाहून जास्त काळ होता. तेच आपलं डिफरेन्शियल.

त्या डब्यात आणखी एक काम होतं. इंजिनाकडून येणारा लांब शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेनं फिरतो, चाकांचा आस रुंदीच्या दिशेनं. म्हणजे काटकोनात वळायचं. शाफ्टच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं, तो क्राऊन. गॅरेजमध्ये या जोडीचं नाव एका दमात घेतात, क्राऊन-पिनियन. आणि ही जोडी खरोखर लग्नाच्या जोडीसारखी असते. कारखान्यात एकमेकांवर घासून बसवलेली. एक खराब झालं तर दोन्ही बदलायची.

आता रेशो. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते. पिनियनला ८ आणि क्राऊनला ३९ असतील तर ३९ भागिले ८, म्हणजे ४.८७५. चाक एकदा फिरायला शाफ्ट पावणेपाचपेक्षा थोडा जास्त वेळा फिरतो. हा आकडा जितका मोठा तितकी गाडी ओढायला दणकट, पण पळायला सुस्त. आकडा लहान असेल तर उलट. सायकलला मागे मोठं चक्र लावलं की चढ सोपा जातो आणि सपाटीवर नुसते पाय फिरतात, तसंच.

दात्यांचे आकडे असे वेडेवाकडे का असतात, ८ आणि ४० का नाहीत, असा प्रश्न मला लहानपणी पडला नव्हता पण आता पडला. उत्तर सुरेख आहे. ८ आणि ४० असते तर पिनियनचा प्रत्येक दाता आयुष्यभर क्राऊनच्या त्याच पाच दात्यांना भेटत राहिला असता. एखादा दाता किंचित वाकडा असेल तर त्याचा त्रास ठरावीक पाच जणांनाच झाला असता. ८ आणि ३९ मध्ये सामाईक विभाजक नाही, त्यामुळे प्रत्येक दाता आळीपाळीनं समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो. पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, रोज वेगळ्या घरी, म्हणजे कुणा एकावर भार नको. अगदी तोच हिशेब.

आता जीपकडे वळू.

१९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्करानं १३५ कंपन्यांना पत्र पाठवून एक छोटी, हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी मागितली. मुदत इतकी कमी की बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. बॅन्टम नावाच्या, जवळजवळ बुडालेल्या छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनियरला हाताशी धरून सप्टेंबरमध्ये पहिली गाडी उभी केली. पण एवढीशी कंपनी लष्कराला पुरी पडणार नाही, म्हणून तो आराखडा विलीज आणि फोर्ड यांनाही दाखवला गेला. विलीजकडे बार्नी रूस हा इंजिनियर होता. त्यानं जुन्या ४८ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तपासत, सुधारत ६० वर नेलं होतं. त्या इंजिनाच्या जोरावर विलीजनं बाजी मारली. पुढे विलीजच्या आराखड्याप्रमाणे फोर्डनंही जीपा बनवल्या. विलीजची ती एमबी आणि फोर्डची जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांच्या वर.

गंमत म्हणजे दोघांचे भाग एकमेकांना बसायचे. लष्कराची अटच तशी होती. रणांगणावर एका मोडक्या जीपचा भाग दुसरीला लावता आला पाहिजे. फोर्डला मात्र राहवलं नाही, त्यांनी आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, 'एफ' अक्षर उमटवलं.

या युद्धातल्या जीपचा रेशो पुढेही आणि मागेही ३९ ला ८. म्हणजे ४.८८.

युद्ध संपलं आणि १९४५ मध्येच विलीजनं शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए नावाची जीप काढली. जाहिरात अशी की हीच गाडी नांगर ओढेल, हीच यंत्र चालवेल आणि रविवारी हीच चर्चला नेईल. दिसायला तशीच, पण आतून बरीच बदललेली. तिचा रेशो ४३ ला ८, म्हणजे ५.३८. पहिला गियरही जास्त ओढाळ, आणि लो गियरचा दांडाही जास्त कमी वेगाचा. सगळं गुणलं तर युद्धातल्या जीपचं इंजिन सगळ्यात खालच्या गियरमध्ये साधारण २५-२६ वेळा फिरल्यावर चाक एकदा फिरायचं, आणि शेतकऱ्याच्या जीपचं ३६-३७ वेळा. सैनिकाला ताफ्याबरोबर पळायचं होतं, शेतकऱ्याला ढेकळांतून चालायचं होतं. ८ दाते तेच राहिले, समोरचे ३९ चे ४३ झाले. एका देशानं युद्ध संपवून शेतीकडे तोंड वळवलं, ते या चार दात्यांत मोजता येतं असं मला वाटतं.

आपल्याकडे जीप दोन वाटांनी आली. एक वाट युद्धाची. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आलेलं प्रचंड सामान युद्धानंतर इथेच राहिलं आणि लिलावात विकलं गेलं. जुनी माणसं अजून 'डिस्पोजलची गाडी' म्हणतात ती हीच. दुसरी वाट मुंबईची. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी निघाली. के. सी. महिंद्र युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते आणि तिथे त्यांची बार्नी रूसशी भेट झाली होती. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली इथल्या कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं, आणि माझगावला सुट्या भागांतून विलीजच्या नागरी जीपा जोडल्या जाऊ लागल्या.

म्हणजे पन्नाशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात जीप दिसली तर ती दोनपैकी एका वाटेनं आलेली. आणि नेमकं इथेच आमचं भांडण आहे.

आमच्या आजोबांची जीप खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी अजून उभी आहे. नातेवाइकांना सांगायला नको, तुमच्यापैकी निम्म्यांनी तिच्या बॉनेटवर बसून फोटो काढलेत. काकांचं म्हणणं, ही युद्धातली जीप, आजोबांनी लिलावात घेतली. आत्याचं म्हणणं, छे, ती मुंबईहून आली, मी स्वतः पाहिली येताना, आई ओवाळायला गेली होती. काका तिच्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणून ते तिला "तू तेव्हा परकरातली पोर" म्हणून गप्प करायचे. आत्या गप्प बसायची, पण मत बदलायची नाही. कागदपत्रं बघावीत तर जुनं रजिस्ट्रेशन पुस्तक कधीच गहाळ झालंय, आणि नंतरच्या नकलेत निर्मितीच्या सालाच्या रकान्यात कुणीतरी निवांतपणे रेघ मारून ठेवलीय.

एरवी हे भांडण दिवाळीच्या फराळाबरोबर दरवर्षी चाललं असतं आणि त्यात वाईट काही नव्हतं. पण गेल्या वर्षी पुण्याच्या एका गृहस्थांनी जीप विकत मागितली. त्यांना युद्धातली जीप हवी होती, आणि युद्धातली असेल तर ते देत असलेली किंमत काकांच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला पुरून उरली असती. नागरी असेल तर त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "युद्धातलीच आहे असं तुम्ही लिहून द्याल का?"

काका लगेच हो म्हणाले असते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं. घरात जुन्या गोष्टी उकरायची सवय मलाच आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं.

वरवरच्या खुणांनी काही ठरेना. युद्धातल्या जीपच्या पुढच्या जाळीला नऊ फटी असतात आणि नागरी जीपला सात, हेडलाइट मोठे. आमच्या जीपची जाळी, बॉनेट, मडगार्ड सगळं सत्तरीच्या दशकात साताऱ्यात पत्रा ठोकून नवं केलेलं, त्यामुळे तो पुरावा बाद. काही बोल्टांवर 'एफ' सापडला, पण बोल्ट काय, कुठूनही येतात. मग म्हटलं, पत्रा खोटं बोलेल, पण दाते नाही बोलणार.

रेशो ओळखायच्या तीन पद्धती आहेत, कुणाच्या दारात जुनी गाडी असेल तर उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

पहिली, डब्याच्या झाकणाच्या बोल्टखाली पत्र्याची एक चिमुकली पट्टी असते, तिच्यावर दात्यांचे आकडे कोरलेले असतात. साठ-सत्तर वर्षांत ती पट्टी टिकली असेल तर तुम्ही नशीबवान. आमची नव्हती.

दुसरी, तेल काढायचं, झाकण उघडायचं आणि क्राऊनच्या कडेवर कोरलेले आकडे वाचायचे. तेही पुसट असतील तर खडूनं खूण करून सरळ दाते मोजायचे.

तिसरी पद्धत सगळ्यात सोपी, काही उघडावं लागत नाही. गाडी न्यूट्रलला ठेवायची. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. हँडब्रेक सोडायचा, आणि हे जीपमध्ये महत्त्वाचं आहे, कारण जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांना नसून शाफ्टला असतो. मग मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, चाकावर आणि शाफ्टवर खडूची खूण करायची, आणि चाक हातानं फिरवत शाफ्टचे फेरे मोजायचे. इथे एक मेख आहे. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे डिफरेन्शियल आपलं काम करतं आणि उचललेल्या चाकाला दुप्पट फिरावं लागतं. म्हणून चाकाचे दोन फेरे म्हणजे हिशेबाचा एक फेरा. हे ज्यांना ठाऊक नसतं त्यांना रेशो निम्माच मिळतो.

एका फेऱ्यात चूक होऊ शकते, म्हणून आम्ही वीस फेरे धरले. चाक वीस वेळा फिरवलं तर ४.८८ ला शाफ्ट पावणेएकोणपन्नास फेरे घेणार, ५.३८ ला पावणेचोपन्न. पाच फेऱ्यांचा फरक, म्हणजे शंकेला जागाच नाही. वडूजहून ओळखीचे मिस्त्री आले होते. ते चाक फिरवत होते, मी खाली पोत्यावर आडवा होऊन शाफ्ट मोजत होतो, काका खुर्चीत बसून चाक मोजत होते आणि आत्या ओट्यावरून दोघांवर लक्ष ठेवून होती.

मागचा अॅक्सल भरला पावणेचोपन्न.

आत्या काही बोलली नाही, फक्त चहा टाकायला आत गेली. काकांचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाले, "पुढचा पण मोजून घेऊ, एवढं मांडलंयच तर." पुढचं एक चाक उचललं, पुन्हा वीस फेरे. पुढचा शाफ्ट थांबला पावणेएकोणपन्नासवर.

आम्ही परत मोजलं. तेच. पुढे युद्ध, मागे शेती!

मिस्त्री बराच वेळ तोंडावर हात ठेवून बसले. मग त्यांनी चालकाच्या पायाजवळचा छोटा दांडा दाखवला. तुम्हाला आठवत असेल, जीपमध्ये मोठ्या गियरच्या शेजारी दोन छोटे दांडे असतात, त्यातला एक पुढच्या चाकांना जोर द्यायचा. आमच्या जीपचा तो दांडा आम्हाला कळतं तेव्हापासून जाड तारेनं पक्का बांधलेला आहे. लहानपणी विचारलं की उत्तर यायचं, "आजोबांनी बांधलाय, हात लावायचा नाही." आम्हाला वाटायचं, पोरं खेळतात म्हणून. आता कळलं. पुढचे आणि मागचे रेशो वेगळे असताना तो दांडा टाकला, तर मागची चाकं शंभर फूट जातात तेव्हा पुढच्या चाकांना एकशे दहा फूट जायचं असतं. चिखलात चाकं घसरून निभावतं, पण कडक रस्त्यावर सगळा ताण दात्यांवर, सांध्यांवर येतो आणि काहीतरी मोडतंच. तार बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं.

तर आता प्रश्न बदलला. जीप कुठली हा प्रश्न बाजूला राहिला. मागचे दाते कधी बदलले, आणि का?

इथे आजोबांच्या वह्या कामाला आल्या. आजोबा हिशेबाचे कडक. जीपसाठी वेगळी लांब वही. तारीख, कुठून कुठे, मीटरचे मैल, पेट्रोल, कुणाचं काम, किती पैसे. जीप ते भाड्यानंही द्यायचे, मैलावर दर. मी १९५६ ते १९६४ च्या वह्या घेऊन बसलो. साताऱ्याला जाणं प्रत्येक वेळी २२ मैल. कऱ्हाडला ३१ मैल. वर्षानुवर्षं तेच, एखाद्या वेळी अर्धा मैल इकडेतिकडे. आणि मग १९६१ च्या नोव्हेंबरपासून सातारा २४ मैल आणि कऱ्हाड ३४.

गावं काही हलली नव्हती. रस्ता बदलला म्हणावं तर दोन वेगळ्या दिशांचे दोन रस्ते एकाच महिन्यात, एकाच प्रमाणात कसे वाढतील? टायर लहान बसवले म्हणावं तर एवढ्या फरकासाठी अठ्ठावीस इंचांचं चाक अडीच इंचांनी लहान हवं, आणि तसा सोळा इंची टायर जीपला मिळणार कुठून? मग उरतं एकच. जीपचा मैलांचा मीटर चाकावर चालत नाही, मागच्या शाफ्टवर चालतो. मागचे दाते ३९ चे ४३ झाले की तेवढ्याच अंतराला शाफ्ट जास्त फिरतो आणि मीटर दहा टक्के जास्त दाखवतो. २२ चे २४ आणि ३१ चे ३४. हिशेब चोख जुळतो.

त्याच वहीत ऑक्टोबर १९६१ मध्ये तीन आठवडे एकही खेप नाही. शेवटची नोंद बटाट्याच्या पोत्यांची ट्रॉली ओढल्याची. मग तीन आठवडे कोरे, आणि मग एक ओळ: "मुंबईहून पेटी आली. हमाली २ रु." पेटीत काय होतं ते लिहिलेलं नाही. पण मुंबईत तेव्हा नागरी जीपचेच भाग मिळणार, आणि ४३-८ ची जोडी तिथून येणं अगदी स्वाभाविक. पुढच्या अॅक्सलची जोडीही बदलायला हवी होती. बहुधा तेवढे पैसे नव्हते. म्हणून तार.

आत्याला ती ओळ वाचून दाखवली. १९६१ मध्ये ती सात वर्षांची. ती म्हणाली, "लाकडाची पेटी होती. आईनं हळदकुंकू वाहिलं होतं." म्हणजे तिनं जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं. मुंबईहून जीप नाही, जीपचे दाते आले होते. आणि काकांची युद्धातली जीपही बहुधा खरी, कारण पुढचा ३९ चा अॅक्सल दुसरं काही सांगत नाही. साठ वर्षं दोघं भांडत होते आणि दोघांच्या हातात एकेक अॅक्सल होता.

पण मला ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती यापुढे आहे. नोव्हेंबर १९६१ नंतरच्या पानांवर मैलांच्या रकान्याशेजारी आजोबांनी पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला आहे. मथळा एकच शब्द, "धरले". मीटर २४, धरले २२. मीटर ३४, धरले ३१. घरच्या खेपांना हा रकाना रिकामा. फक्त भाड्याच्या खेपांना भरलेला. पुढे फेब्रुवारी १९६२ मध्ये निवडणुका आल्या. प्रचाराला जीप दिवसरात्र भाड्यानं फिरली, पाच-पाच गावं एका दिवसात, ज्यांची अंतरं कुणी मोजली नव्हती. तिथे त्यांनी भागाकार करून ठेवलाय. मीटर ८७, धरले ७९. मीटर ११०, धरले १००. मीटर सगळ्यांना दिसत होता, भाडेकरूनं मीटरप्रमाणे पैसे बिनतक्रार दिले असते. कुणी जीपखाली पोत्यावर आडवं होऊन दाते मोजणार नव्हतं. मॅट्रिकही पुरं न केलेल्या माणसानं तो रेशो काढला होता आणि दर दहा मैलांमागचा जवळजवळ एक मैल तो सोडून देत होता. पुढच्या अॅक्सलची जोडी घ्यायला पैसे नसताना.

काकांनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्या पुण्याच्या माणसाला फोन लाव."

आम्ही लिहून दिलं ते असं. पुढचा अॅक्सल ३९-८, युद्धकालीन जीपचा. मागचा ४३-८, नागरी जीपचा, १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बसवलेला. पत्रा नंतरचा. चार चाकांचा दांडा टाकू नये. बाकी सांगता येत नाही.

त्या गृहस्थांनी आधीची किंमत देता येणार नाही असं सांगितलं, ते रास्तच होतं. मधली एक रक्कम सांगितली. काकांनी विचार करायला वेळ मागितला, आणि खरं सांगायचं तर अजून घेतलाच आहे. गुडघ्याचं ऑपरेशन या हिवाळ्यात करायचं ठरलंय, त्याचे पैसे आम्ही भावंडं मिळून उभे करतोय. जीप गोठ्याशेजारीच आहे. मिस्त्रींनी मागचं झाकण उघडून तेल बदललं तेव्हा मी क्राऊनच्या कडेवरचे आकडे बोटानं चाचपून पाहिले. ४३, आणि शेजारी ८.

एका गोष्टीचं नवल वाटतं. इतिहास म्हटलं की आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी शोधतो, आणि ते शोधायलाच हवेत. पण विसाव्या शतकात सामान्य माणसांचं आयुष्य ज्या यंत्रांवर गेलं, पिठाच्या गिरण्या, विहिरीवरची इंजिनं, एसटीच्या गाड्या, त्यांच्यावर कोरलेले आकडे आपण भंगाराबरोबर किलोवर घालतो. आमच्याकडे दाते होते आणि वही होती. नुसते दाते असते तर आम्ही आजोबांना कंजूष ठरवलं असतं, म्हणालो असतो, अर्धीच दुरुस्ती केली. नुसती वही असती तर 'धरले' या शब्दाचा अर्थ कधीच लागला नसता. मला तर वाटतं ती पानं मी लहानपणीही चाळली असतील, आणि पेन्सिलीचा तो रकाना नुसताच उलटला असेल.

असो. आता नातेवाइकांचं काम. तुमच्यापैकी कुणाकडे १९६१ च्या आधीचा, जीप पुढून दिसत असलेला फोटो असेल (मुंबईच्या मावशीआजींच्या ट्रंकेत नक्की असणार, त्यांच्या लग्नाच्या वरातीला हीच जीप होती), तर तो शोधा. चेहरे ओळखू आले नाहीत तरी चालेल. पुढच्या जाळीच्या फटी मोजा. नऊ निघाल्या तर काकांना फोन करा, सात निघाल्या तर आत्याला. आणि वहीची मागची पानं मी सध्या टाइप करतोय. १९६३ च्या मे महिन्यात एका खेपेपुढे मीटर २४, धरले ० असं लिहिलंय, आणि कुणाचं काम या रकान्यात फक्त "बाळंतीण" एवढंच. ती कोण असेल, आणि त्या दिवशी जन्मलेलं मूल आज कुठे असेल, हे कुणाला सांगता येत असेल तर जरूर कळवा.